लिंबूटिंबू कोण ठरवतं?

१५ ऑक्टोबर २०२२. न्यूकासलचं सेंट जेम्स पार्क. रग्बी लीग विश्वचषकाचा पहिलाच सामना, यजमान इंग्लंड विरुद्ध सामोआ. सामोआच्या संघातली नावं पाहून अनेकांनी त्यांनाच झुकतं माप दिलं होतं. निकाल लागला ६०-६. इंग्लंडने सामोआची पार दाणादाण उडवली.

बरोबर २८ दिवसांनी हेच दोन संघ लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर उपांत्य सामन्यात पुन्हा समोरासमोर आले. ८० मिनिटांनंतर २६-२६ अशी बरोबरी होती. पुढे गोल्डन पॉइंट, म्हणजे जो पहिला गुण घेईल तो जिंकला. स्टीफन क्राइटनने ड्रॉप गोल मारला, म्हणजे चेंडू जमिनीवर टप्पा देऊन किकने खांबांमधून पार केला, त्याचा एक गुण मिळाला आणि सामोआ २७-२६ असा जिंकला. पॅसिफिकमधला जेमतेम दोन लाख वस्तीचा देश विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला.

या २८ दिवसांत काय बदललं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. दुबळ्या म्हणवल्या जाणाऱ्या संघाने मातब्बर संघाला हरवलं की आपण लगेच जिगर, ईर्षा, देशप्रेम असे शब्द काढतो. ते खोटे नसतात. पण ही सगळी सामग्री सामोआकडे १५ ऑक्टोबरलाही होती आणि तरी साठ गुण पडले. त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हती ती एकत्र सरावाची सवय. जेरोम लुआई, ब्रायन टोओ आणि क्राइटन हे पेनरिथ क्लबकडून, तर कर्णधार ज्युनिअर पाउलो पॅरामाटाकडून २ ऑक्टोबरला सिडनीत ऑस्ट्रेलियन लीगचा अंतिम सामना खेळले होते, तेही एकमेकांविरुद्ध. तेरा दिवसांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ते एका संघात उभे राहिले. इंग्लंडने मात्र आठवडाभर आधी फिजीविरुद्ध सराव सामना खेळून घेतला होता. पुढचे चार आठवडे सामोआचे खेळाडू एकत्र राहिले, एकत्र खेळले. ग्रीस, फ्रान्स आणि मग टोंगा अशा तीन सामन्यांत त्यांना एकमेकांच्या सवयी कळल्या. उपांत्य सामन्यात उतरला तो एक संघ होता. न्यूकासलला उतरली होती ती चांगल्या खेळाडूंची यादी.

माझं म्हणणं एवढंच आहे की रग्बी लीगमध्ये छोट्या देशांना गुणवत्ता कमी पडत नाही. कमी पडतात ते सरावाचे आठवडे, नियमित सामने आणि आपल्या माणसांना आपल्याकडून खेळू देणारे नियम. या तिन्ही गोष्टी मैदानाबाहेर, बहुतेक वेळा मोठ्या देशांच्या सोयीने ठरतात. १९५४ पासून आजवर विश्वचषक फक्त तीन संघांनी जिंकलाय. ऑस्ट्रेलियाने बारा वेळा, ग्रेट ब्रिटनने तीन वेळा आणि न्यूझीलंडने एकदा. यात खेळाचं कौशल्य आहेच, पण व्यवस्थेचा हातही मोठा आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला सहा टॅकल मिळतात. सहाव्या वेळी पकडलं गेलं की चेंडू समोरच्यांकडे जातो. म्हणून पाच टॅकल झाले की बहुतेक संघ लांब किक मारून चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला ढकलतात. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्या संघाला दहा मीटर मागे जावं लागतं आणि पुन्हा धावत पुढे येऊन समोरच्या धिप्पाड गड्याला आडवं करावं लागतं. मागे जा, पुढे या, पाडा, उठा, पुन्हा मागे जा. ऐंशी मिनिटं हे चालतं. कबड्डी खेळलेल्याला यातला दम चटकन कळेल. सलग पकडी करून करून मांड्या भरून येतात आणि मग एखाद्या साध्या चढाईवर गडी सुटतो, तसंच इथेही होतं.

त्यामुळे हा खेळ दुबळ्या संघावर फार कठोर आहे. फुटबॉलमध्ये एक गोल करून नव्वद मिनिटं दार लावून बसता येतं. पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनमध्ये स्क्रम, लाइनआउट अशा खेळ पुन्हा सुरू करण्याच्या पद्धतींत वेळ काढता येतो आणि एकेका पेनल्टीचे तीन गुण मिळतात. लीगमध्ये पेनल्टीचे दोनच गुण, आणि लपायला जागा नाही. तुम्ही दुसऱ्याच टॅकलला चेंडू हातातून टाकलात तर समोरच्याला तुमच्या गोलरेषेजवळ ताजे सहा टॅकल मिळतात. तुम्ही पुन्हा बचाव करता, आणखी दमता, आणि दमलेल्या हातातून चेंडू आणखी सुटतो. ६०-६ असा निकाल लागतो तो बहुधा या चक्रातून. दोन संघांत खरोखर दहापट फरक असतो असं नाही.

मग जिंकायचं कसं? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला १८ नोव्हेंबर २०१७च्या वेलिंग्टनमध्ये दिसतं. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, न्यूझीलंड विरुद्ध फिजी, तेही न्यूझीलंडच्या घरी. निकाल फिजी ४, न्यूझीलंड २. संपूर्ण सामन्यात एकही ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून चार गुण घेणं, झाला नाही. फिजीच्या तानी मिल्नने दोन पेनल्टी किक मारल्या, न्यूझीलंडने एक, आणि संपला सामना. फिजीचे लोक म्हटलं की मोकळं, हातातून चेंडू फिरवत पळणं असं चित्र डोळ्यांसमोर येतं. त्या संध्याकाळी त्यांनी आपली ही ओळख बाजूला ठेवली. हाती आलेले सहा टॅकल पुरे करायचे, चेंडू कोपऱ्यात ढकलायचा, ओळ धरून पुढे यायचं आणि पाडायचं, बस्स. मिळतील तिथे दोन गुण घ्यायचे. सामना सुरू होण्याआधी हा संघ एकत्र उभा राहून आपली प्रार्थना गातो. ती ऐकून अनेकांचे डोळे भरतात, माझेही भरले आहेत. पण सामना त्यांनी जिंकला तो चेंडू न सांडल्यामुळे. मोठ्या संघाला प्रत्येक चढाई आपल्या टोकापासून, लांबून सुरू करायला लावली की त्याची निम्मी ताकद वाटचालीतच खर्च होते. छोट्या संघाच्या हातात हे नक्की असतं आणि त्याला फार पैसाही लागत नाही. सराव मात्र लागतो. तेरा माणसांची ओळ एका श्वासात पुढे यायला आठवडे जातात.

याच स्पर्धेत आठवडाभर आधी, ११ नोव्हेंबरला, टोंगाने न्यूझीलंडला हॅमिल्टनमध्ये २८-२२ असं हरवलं होतं. मध्यंतराला टोंगा २-१६ असा मागे होता. उत्तरार्धात त्यांनी २६ गुण घेतले. डेव्हिड फुसितुआने तीन ट्राय केले. त्या विजयाची पायाभरणी मात्र स्पर्धेच्या आधीच झाली होती. जेसन टाउमालोलोला न्यूझीलंडकडून आणि अँड्र्यू फिफिटाला ऑस्ट्रेलियाकडून खेळण्याची संधी होती. दोघांनीही शेवटच्या दिवसांत टोंगा निवडलं. मोठ्या देशाची जर्सी, तिथलं मानधन आणि जिंकण्याची जवळपास खात्री, एवढं सगळं सोडून. पहिल्या श्रेणीतल्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा इंग्लंड या देशांकडून खेळलेला खेळाडू वंशाच्या नात्याने पात्र असेल, तर दुसऱ्या श्रेणीतल्या देशाकडे जाऊ शकतो, अशी मुभा नियमाने तेव्हा दिली होती. ही एक खिडकी उघडली आणि जेमतेम एक लाख वस्तीचा, आपल्याकडच्या एखाद्या छोट्या तालुक्याएवढा देश, उपांत्य फेरीत गेला. तिथे इंग्लंडविरुद्ध २०-० असा मागे असताना त्यांनी शेवटच्या काही मिनिटांत तीन ट्राय केले आणि २०-१८ असे हरले. अखेरच्या क्षणी फिफिटा गोलरेषेकडे झेपावला होता आणि चेंडू हातातून निसटला. ऑकलंडच्या माउंट स्मार्ट स्टेडियमवर त्या दिवशी जिकडेतिकडे टोंगाचा लाल रंग होता.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे खेळाडू कसले टोंगाचे आणि सामोआचे? जन्मले ऑकलंडला, सिडनीला, खेळ शिकले तिथे, पगार घेतात तिथला. लुआई, टोओ, क्राइटन आणि पाउलो यांनी तर २०२२ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याची निळी जर्सीही घातली होती. मग हा छोट्या देशाचा विजय कसा? या आक्षेपात तथ्य आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. पण इतिहास पाहिला की त्याचा जोर ओसरतो. पॅसिफिकमधल्या बेटांवरची माणसं न्यूझीलंडला गेली ती तिथल्या कारखान्यांना कामगार हवे होते म्हणून. मंदी आली तेव्हा, सत्तरच्या दशकात, त्यांच्याच घरांवर पहाटे पोलिसांचे छापे पडले. 'मुदत संपूनही राहिलेले परके' म्हणून त्यांना हुडकण्यात आलं. २०२१ मध्ये पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याबद्दल सरकारतर्फे जाहीर माफी मागितली. ज्या वस्त्यांच्या दारावर त्या थापा पडल्या, तिथलीच नातवंडं आज हा खेळ गाजवताहेत. आजोबा परके होते आणि नातू मात्र आमचाच, असं एकाच तोंडाने म्हणता येत नाही. मुंबईत जन्मलेला मुलगा शिमग्याला कोकणात जाऊन गावच्या पालखीला खांदा देतो, तेव्हा त्याला 'तू इथला नाहीस' असं कोणी सांगत नाही. नात्याची ही साधी समज खेळाच्या नियमांतही असावी.

शिवाय हा प्रश्न फक्त छोट्यांनाच का विचारला जातो? एमिरेट्सवरच्या सामन्यात क्राइटनने ज्याचा पास मध्येच पकडून ट्राय केला, तो इंग्लंडचा व्हिक्टर रॅडली सिडनीत जन्मलेला, सिडनीतच खेळणारा. वडील इंग्लंडचे, म्हणून तो इंग्लंडकडून खेळतो. त्यात गैर काहीच नाही. पण मग टोओच्या सामोअन असण्यावर प्रश्नचिन्ह का? ऑस्ट्रेलियन लीगमधले जवळपास निम्मे खेळाडू पॅसिफिक वंशाचे आहेत. त्यांच्या घामावर लीग उभी आहे, तर त्यांनी कोणाचा झेंडा छातीवर लावावा हे त्यांनाच ठरवू द्या.

या मुद्द्यावर आपणही काही शिकलो आहोत, किंवा शिकायला हवं होतं. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कबड्डीत भारत इराणकडून उपांत्य सामन्यात २७-१८ असा हरला. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं आपली होती. त्याच स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. पुरुषांच्या इराणी संघातले फजल अत्राचलीसारखे खेळाडू आपल्याच प्रो कबड्डीत, मुंबईच्या संघातूनही, वर्षानुवर्षं खेळून तयार झालेले. तेव्हा आपल्याकडे एक सूर निघाला होता की परदेशी खेळाडूंना आपले डावपेच शिकवलेच कशाला. मला तो सूर तेव्हाही पटला नव्हता. कबड्डी जगाचा खेळ व्हावा असं आपण म्हणतो, तर जग कधीतरी आपल्याला हरवणार हे त्यातच आलं. शैलजाताईंनी जे केलं त्याने कबड्डी मोठी झाली. नेमकं हेच ऑस्ट्रेलियाला रग्बी लीगबद्दल समजून घ्यायला हवं. त्यांच्या लीगमध्ये तयार झालेला खेळाडू टोंगाकडून खेळून त्यांना हरवतो, तेव्हा त्यांची लीग हरत नाही.

मैदानाबाहेरचा कारभार किती घात करू शकतो, हे फ्रान्सकडे पाहिलं की कळतं. १९५१ मध्ये फ्रान्सचा संघ ऑस्ट्रेलियात जाऊन कसोटी मालिका जिंकून आला होता. १९७८ मध्येही त्यांनी ऑस्ट्रेलियाला आपल्या घरी दोन्ही कसोटींत हरवलं, १३-१० आणि ११-१०. पण या खेळाच्या मुळावर घाव आधीच पडला होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने रग्बी लीगवर बंदी घातली आणि तिची मालमत्ता काढून घेतली. युद्धानंतर खेळ परत आला, तरी कितीतरी दशकं त्याला 'रग्बी' हे नाव वापरायचीही मुभा नव्हती. एका सरकारी फर्मानाने जगातला एक बलाढ्य संघ हळूहळू लिंबूटिंबूंच्या रांगेत गेला.

टोंगाचं उदाहरण तर ताजं आहे. २०१९ मध्ये त्यांच्या देशातल्या संघटनेने प्रशिक्षक क्रिस्टियन वूल्फ यांना काढलं. खेळाडू वूल्फ यांच्या पाठीशी उभे राहिले, आंतरराष्ट्रीय महासंघाने संघटनेलाच निलंबित केलं आणि संघाला 'टोंगा निमंत्रित' अशा नावाने खेळावं लागलं. या अवस्थेत त्यांनी आधी ग्रेट ब्रिटनला १४-६ असं हरवलं आणि २ नोव्हेंबरला ईडन पार्कवर जगज्जेत्या ऑस्ट्रेलियाला १६-१२ असं. न्यूझीलंड आणि ब्रिटिश संघ सोडले तर ऑस्ट्रेलियाला हरवणारा १९७८च्या फ्रान्सनंतरचा हा पहिलाच संघ. जे खेळाडू आणि जो प्रशिक्षक काही वर्षं एकत्र होते, ते संघटनेच्या भांडणातही एकत्र राहिले. मला वाटतं, विजयाचं कारण तिथेच आहे.

पापुआ न्यू गिनीची वाट वेगळी. तिथे रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ आहे, एक कोटीहून अधिक लोकांचा, आठशेहून अधिक भाषांच्या देशाला बांधणारा. बाहेरून घरी येणाऱ्या खेळाडूंवर ते टोंगाइतके अवलंबून नाहीत. २०१४ पासून त्यांचा हंटर्स हा संघ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या स्पर्धेत खेळतो आणि २०१७ मध्ये त्याने ती जिंकलीही. २०१७च्या विश्वचषकात पापुआ न्यू गिनीने साखळीतले तिन्ही सामने पोर्ट मोर्स्बीत, आपल्या लोकांसमोर खेळून जिंकले. उपांत्यपूर्व सामन्यासाठी मेलबर्नला जावं लागलं, तिथे इंग्लंडकडून ३६-६ अशी हार झाली. दोन वर्षांनी ग्रेट ब्रिटनचा संघ पोर्ट मोर्स्बीला आला आणि २८-१० असा हरून गेला. घरच्या मैदानाचं मोल याहून स्पष्ट काय दिसणार? तरीही टोंगा आणि सामोआचे मोठे सामने आपापल्या राजधानीत, नुकुआलोफात किंवा अपियात, क्वचितच होतात. गल्ला ऑकलंडला, सिडनीला जमतो, हे त्याचं कारण.

२०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ थेट ऑस्ट्रेलियन लीगमध्ये खेळणार आहे. त्यासाठी आणि पॅसिफिकमधल्या खेळासाठी ऑस्ट्रेलियाचं सरकार दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देणार आहे. या भागातला चीनचा प्रभाव रोखणं हा त्यामागचा हेतू कोणी लपवलेला नाही. मी या निर्णयाच्या बाजूने आहे, पण काळजीने. परराष्ट्र धोरणासाठी आलेला पैसा धोरण बदललं की आटू शकतो, म्हणून तो खर्च व्हावा तो शाळांच्या मैदानांवर, प्रशिक्षकांवर, पंचांवर, म्हणजे सरकार बदललं तरी उरेल अशा गोष्टींवर.

आणि सामने हवेत, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. २०२२च्या विश्वचषकात सोळा संघ होते. २०२६च्या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेसाठी ते दहा केले गेले. कारण सांगितलं जातं ते एकतर्फी सामन्यांचं. एकतर्फी सामने कोणालाच आवडत नाहीत, पहिल्या अर्ध्या तासानंतर ते पाहवत नाहीत हे खरं आहे. पण वगळले गेलेल्यांत ग्रीस आहे. ग्रीसमध्ये हा खेळ कितीतरी वर्षं अधिकृत मान्यतेविना, चोरून खेळला गेला. पोलीस येऊन सामने बंद पाडत, म्हणून खेळाडू जागा बदलून बदलून खेळत राहिले. त्यातून ते पहिल्यांदा विश्वचषकात आले, आणि पुढच्या वेळी स्पर्धेचा दरवाजाच अरुंद झाला.

ग्रीस त्या स्पर्धेत डॉनकास्टरला ७२-४ असा हरला. त्यांना हरवणारा संघ सामोआचा होता, आठच दिवसांपूर्वी न्यूकासलमध्ये ६०-६ असा हरलेला. त्या रात्री फक्त धावफलक पाहून कोणी नावं खोडायला बसलं असतं, तर पहिलं नाव सामोआचं गेलं असतं.